ताटली उचलली म्हणून मांजर जात नाही

मांजरांना खायला घालणं बंद केलं की मांजरं आपोआप निघून जातील, हे वाक्य मुंबई-ठाण्याच्या सोसायट्यांमध्ये इतक्या ठामपणे बोललं जातं, की ते खरं आहे का हे तपासण्याची गरजही कुणाला वाटत नाही. मागच्या पावसाळ्यात आमच्या शेजारच्या इमारतीच्या फलकावर तशी नोटीसच लागली. ‘आवारात मांजरांना खाद्य देणाऱ्या सभासदांकडून दंड वसूल करण्यात येईल.’ खाली सही आणि शिक्का. नाव नसलं तरी ती कुणासाठी होती हे सगळ्यांना ठाऊक होतं. तिथे एक निवृत्त शिक्षिका राहतात. रोज संध्याकाळी पार्किंगच्या मागच्या कोपऱ्यात ताटल्या ठेवायच्या, अर्ध्या तासानं त्या उचलायच्या आणि जागा पाण्यानं धुऊन घ्यायची, हा त्यांचा नेम. आवारातल्या भाट्यांची नसबंदीची ऑपरेशनं त्यांनी पेन्शनमधून करून घेतलेली. नोटीस लागली, बाईंनी ताटल्या उचलल्या. मांजरं मात्र गेली नाहीत. ती दारांबाहेर ठेवलेल्या ओल्या कचऱ्याच्या पिशव्या फाडू लागली. दोन महिन्यांत मासळी बाजाराच्या गल्लीतून नव्या भाट्या आल्या. त्यांची ऑपरेशनं झालेली नव्हती आणि त्यांना धरू शकेल असं माणूस आता उरलं नव्हतं. दिवाळीच्या सुमारास मीटरच्या खोलीत पिल्लं रडत होती.

चोर सोडून संन्याशाला फाशी म्हणतात ते हेच. म्हणून मांजरांविरुद्ध नेहमी जे मुद्दे मांडले जातात, ते एकेक करून तपासायला हवेत.

पहिला मुद्दा अन्नाचा. शहरातलं मांजर ताटलीमुळे जन्माला येत नाही. ससून डॉक १८७५ साली बांधला गेला तेव्हापासून, आणि कोळीवाडे तर त्याच्याही कितीतरी आधीपासून, या शहरात मासळी उतरते, साफ होते आणि तिची डोकी, आतडी, कल्ले जागच्या जागी टाकले जातात. प्रत्येक उपनगरात मासळी बाजार आहे. कोंबडी-मटणाची दुकानं आहेत, रात्री अकरानंतर खरकट्याचे पिंप बाहेर काढणारी हॉटेलं आहेत, आणि ओला-सुका वेगळा करायला सांगून वर्षं लोटली तरी एकाच काळ्या पिशवीत सगळं कोंबणारे आपण आहोत. मांजरांची संख्या या अन्नावर ठरते. एका बाईंच्या दोन मुठी खाद्यानं ती वाढत नाही आणि ते थांबवल्यानं कमीही होत नाही. मूळ कारण कचऱ्यात आणि उपाय मात्र ताटलीवर! आग रामेश्वरी, बंब सोमेश्वरी.

उपाशी राहिली की निदान विणार तरी नाहीत, असंही काही जण म्हणतात. तसं होत नाही. भाटी पाच-सहा महिन्यांची झाली की माजावर येते, नऊ आठवडे गाभण राहते, एका वेळी साधारण चार पिल्लं देते, आणि पिल्लं अंगावर पीत असतानाच पुन्हा गाभण राहू शकते. वर्षाला दोन-तीन विणी होतात. हाडं दिसणारी भाटीही विते. फरक एवढाच पडतो, की तिची पिल्लं जास्त हाल होऊन मरतात, गटारात, गाडीच्या बॉनेटखाली, पावसाळ्यात भिजून. एका जोडीपासून काही वर्षांत लाखो मांजरं होतात असे तक्ते फिरत असतात, ते मला पटत नाहीत. रस्त्यावरची बहुतेक पिल्लं सहा महिनेसुद्धा काढत नाहीत. ज्यांनी पॅनल्यूकोपेनिया या मांजरांच्या जीवघेण्या आजारानं तडफडणारं पिल्लू हातात धरलं आहे, त्यांना असले तक्ते मांडायची गरज पडत नाही.

आता खायला घालणारा माणूस नेमकं काय करतो ते बघा, कारण दंड लावणाऱ्यांना ते माहीत नसतं. भटकी मांजर हाताला येत नाही. तिला धरायला पिंजरा लावावा लागतो आणि त्यासाठी ती रोज ठरलेल्या वेळी ठरलेल्या जागी यायला हवी. ती सवय अन्नानंच लागते. ऑपरेशनच्या आदल्या दिवशी खाणं बंद ठेवायचं. रात्री रहदारी थांबली की पिंजऱ्याच्या टोकाला भाजलेले सुके बोंबील नाहीतर सुकट ठेवायची आणि लांब जाऊन बसायचं. ती येते, वास घेते, परत जाते, पुन्हा येते. मागचा पाय पट्टीवर पडला की झडप खाली पडते आणि आत एकच धडपड सुरू होते. त्या क्षणी जुनी चादर पिंजऱ्यावर टाकायची. अंधार झाला की ती गप्प होते. मग टॉर्चच्या उजेडात चादर थोडी उचलून तिचं पोट बघायचं. आचळं भरलेली असतील, भोवतीचे केस ओले होऊन चिकटलेले असतील, तर कुठेतरी लपलेली पिल्लं आहेत. अशा भाटीला त्याच वेळी सोडून द्यायचं, पिल्लं स्वतः खायला लागेपर्यंत थांबायचं आणि पुन्हा पिंजरा लावायचा. ऑपरेशन झालं की भूल उतरायच्या आधीच डॉक्टर कानाचं टोक सरळ कापतात. ही खूण लांबूनही दिसते, त्यामुळे तीच मांजर पुन्हा धरली जात नाही. काही दिवस पिंजऱ्यात ठेवून, टाके बघून, जिथून उचलली तिथेच तिला सोडायचं.

या कामात कोणती मांजर नवी, कोणती गाभण, कोणती चार दिवस दिसली नाही, कुठल्या बोक्याच्या तोंडाला फोड आला, ही माहिती लागते. ती महापालिकेच्या कुठल्याही रजिस्टरमध्ये नाही. ती रोज ताटली ठेवणाऱ्या माणसाकडे आहे. त्या माणसाला हाकलून देणारी सोसायटी स्वतःच्या आवारातली मांजरं कमी करण्याचा एकमेव रस्ता स्वतःच बंद करते.

दुसरा मुद्दा ‘उचलून लांब सोडा’ हा. पिल्लं गोणीत भरून मासळी बाजारात सोडून येणं हा तर आपल्याकडे पिढ्यान्‌पिढ्या चालत आलेला प्रकार. यात आपण काही क्रूर करतोय असं वाटतही नाही, ‘तिथे खायला मिळेल’ असं म्हणून माणूस हात झटकतो. पण मांजरासाठी जागा म्हणजे सगळं काही. कुठल्या भिंतीवरून उडी मारायची, कुठला कुत्रा सोडतो, कुठला सोडत नाही, हे तिला तिच्या जागेतच कळतं. नव्या जागी जे बोके आणि कुत्रे आधीपासून आहेत ते तिला टिकू देत नाहीत. आणि तिची रिकामी जागा? तिथलं अन्न, आडोसा तसाच असतो, त्यामुळे शेजारच्या गल्लीतली मांजर आत येते. मग दरवर्षी गोण्या भरत राहायचं.

सगळीच्या सगळी मांजरं काढून टाकली तर, असं विचारणाऱ्यांसाठी मॅरियन बेटाचा इतिहास सांगते. दक्षिण आफ्रिकेच्या ताब्यातलं, दक्षिण ध्रुवाच्या दिशेनं भर समुद्रातलं हे बेट. हवामान केंद्रातले मोजके लोक सोडले तर तिथे मनुष्यवस्ती नाही. केंद्रातल्या उंदरांसाठी १९४९ साली तिथे पाच मांजरं नेली. १९७७ पर्यंत त्यांची हजारोंनी वाढ झाली आणि बिळात घरटी करणारे समुद्रपक्षी ती लाखोंनी फस्त करू लागली. तेव्हा सरकारनं त्यांच्यात पॅनल्यूकोपेनियाचा विषाणू सोडला. संख्या घटली पण मांजरं संपली नाहीत. मग बंदुका घेऊन रात्र रात्र शिकार, सापळे, विष. बेट मोकळं व्हायला १९९१ साल उजाडलं. आजूबाजूला मैलोन्‌मैल समुद्र, नवी मांजर यायला वाट नाही, आड येणारं माणूस नाही, तरी चौदा वर्षं लागली. जिथे दर दोनशे पावलांवर एक मच्छीवाली बसते आणि एका कंपाउंडवरून दुसऱ्या कंपाउंडवर उडी मारली की सोसायटी बदलते, तिथे हा उपाय कोण आणि कसा करणार?

मुंबईनं तर कुत्र्यांच्या बाबतीत हे स्वतः करून पाहिलं आहे. १८३२ साली कुत्री मारायच्या हुकमावरून पारशी समाज रस्त्यावर उतरला आणि शहर बंद पडलं होतं. त्यानंतरही विसाव्या शतकाच्या शेवटच्या दशकापर्यंत महापालिका कुत्री मारतच राहिली. कुत्री संपली का? ज्याला नसबंदीची टिंगल करायची आहे त्यानं आधी त्या दीडशे वर्षांचा हिशोब द्यावा.

कायद्याचंही बघू. प्राण्यांना क्रूरतेने वागवण्यास प्रतिबंध करणारा १९६० चा कायदा आहे. त्याच्या कलम ११ प्रमाणे प्राणी भुकेनं-तहानेनं तडफडेल अशा स्थितीत त्याला टाकून येणं हा गुन्हा आहे. म्हणजे ती गोणी बाजारात रिकामी करणं हा गुन्हाच. विष घालून मारलं तर भारतीय न्याय संहितेचं कलम ३२५ लागू होतं, त्यात पाच वर्षांपर्यंत कैद आहे. २०२३ च्या प्राणी जनन नियंत्रण नियमांनी, आवारात राहणाऱ्या प्राण्यांच्या खाण्याची सोय करण्याची जबाबदारी रहिवासी संघटनांवर टाकली आहे. जागा आणि वेळ ठरवून, जिना, प्रवेशद्वार आणि मुलांच्या खेळण्याची जागा सोडून. २००१ च्या नियमांच्या नावात फक्त ‘कुत्रे’ होतं, नव्या नियमांच्या नावातून ते गेलं. दंडाची नोटीस काढणाऱ्या समित्यांनी हे नियम एकदा तरी वाचावेत. अर्थात कायद्याची लाज वाटावी अशीही एक गोष्ट आहे. १९६० च्या कायद्यात पहिल्या गुन्ह्याला पन्नास रुपयांपर्यंत दंड लिहिला होता, तो आजही तेवढाच आहे. पन्नास रुपयांत आज वडापाव सुद्धा जेमतेम दोन येतात.

आता आरोग्य. इथे भीती खरी असते, म्हणून उत्तरही नीट द्यायला हवं. घरात गरोदर सून आहे, मांजरं नकोत, असं म्हणणाऱ्या सासूबाईंवर मी रागावत नाही. टॉक्सोप्लाझ्मा हा जंतू मांजराच्या विष्ठेतून पसरतो हे खरं आहे. पण मांजर तो सहसा आयुष्यात पहिल्यांदा लागण झाल्यावर एक-दोन आठवडेच टाकते, आणि विष्ठेतला जंतू लागण करण्याजोगा व्हायला एक ते पाच दिवस लागतात. तेव्हा विष्ठा रोजच्या रोज उचलली, तेही गरोदर बाईनं नव्हे तर दुसऱ्या कुणी, माती हाताळल्यावर हात धुतले, भाज्या-फळं धुऊन घेतली, मटण पूर्ण शिजवलं, की धोका फार कमी होतो. अर्धकच्च्या मांसातूनही हा जंतू येतो, हे मात्र कुणी नोटीस लावून सांगत नाही. रेबीज मांजरामुळेही होऊ शकतो. चावा किंवा ओरखडा झाला तर जखम वाहत्या पाण्याखाली साबणानं पंधरा मिनिटं धुवा आणि त्याच दिवशी लस घ्या, यात कुचराई नको. पण रेबीजची लस टोचलेली मांजरं आवारात हवीत की न टोचलेली? नसबंदीसाठी धरलेल्या मांजराला त्याच वेळी लस देता येते. रस्त्यावरच्या मांजराला आयुष्यात बहुधा तेवढीच एक संधी मिळते. दम्याचं म्हणाल तर मांजराच्या लाळेत आणि त्वचेत असलेल्या प्रथिनाची काहींना ॲलर्जी असते. त्या माणसानं मांजर घरात घेऊ नये. पार्किंगच्या कोपऱ्यातल्या मांजराशी त्याचा काय संबंध?

रात्रीच्या रडण्याचा आणि बोक्यांच्या मुताच्या वासाचा जो त्रास आहे तो मी नाकारत नाही. तो त्रास माजाचा आहे. ऑपरेशन केलं की तो बराचसा जातो.

पक्षिमित्रांचा आक्षेप मला सगळ्यात जवळचा वाटतो, कारण त्यांचं म्हणणं दयेतूनच आलेलं आहे. बेटांवर मांजरांनी पक्षी लाखोंनी मारले, हे मॅरियनच्या हकिगतीतच आलं. शहरातली मांजरंही पक्षी मारतात. आरे किंवा संजय गांधी राष्ट्रीय उद्यानाच्या कडेला मांजरं सोडणाऱ्या माणसाचं समर्थन मी कधीच करणार नाही. पण म्हणूनच पक्षिमित्रांनी आमच्या बाजूनं उभं राहायला हवं. मांजरं कमी व्हावीत हे दोघांनाही हवं आहे. आणि ती कमी करण्याचा जो रस्ता या शहरात खरोखर चालतो तो पिंजरा, ऑपरेशन आणि परत तीच जागा, हाच आहे. पोट भरलेलं मांजरही शिकार करतं, हे मान्य. पण वर्षाला तीन विणी देणाऱ्या भाटीपेक्षा कान कापलेली भाटी चिमण्या-बुलबुलांसाठी कितीतरी बरी.

आमच्याच बाजूचा एक मुद्दाही मला खोडून काढायचा आहे. मांजरं ठेवा, ती उंदीर मारतात, असं आपण सोसायट्यांना पटवायला जातो. या युक्तिवादाला मोठा इतिहास आहे. १८९६ साली डॉ. अकासिओ व्हिएगस यांनी मांडवीत प्लेग ओळखला आणि पुढची कित्येक वर्षं तो सगळ्या इलाख्यात आणि वऱ्हाडातही पसरत राहिला. अमरावतीचे सिव्हिल सर्जन अँड्र्यू ब्युकॅनन यांनी १९०८ साली ब्रिटिश मेडिकल जर्नलमध्ये लेख लिहिला, की ज्या गावांत मांजरं भरपूर तिथे प्लेग कमी, तेव्हा घरोघर मांजर पाळा. त्यांची निरीक्षणं वाचण्यासारखी आहेत, पण मांजरालाही प्लेग होतो हे आज आपल्याला माहीत आहे. मुंबईच्या गटारातल्या घुशीच्या वाटेला जाणारं मांजर क्वचितच सापडतं. उंदीर-घुशींपासून होणारा लेप्टोस्पायरोसिस रोखणं हे काम रात्रपाळी करणाऱ्या मूषक संहारकांचं आणि कचरा वेळेवर उचलणाऱ्या यंत्रणेचं आहे. उंदीर मारलाच तर ठीक, नाही मारला तरी मांजराला जगू द्यायला हवं. उपयोग सिद्ध केला तरच जगायला परवानगी, ही अट आपण एकदा मान्य केली तर उद्या म्हाताऱ्या, आंधळ्या, तीन पायांच्या मांजरासाठी आपल्याकडे उत्तर उरत नाही.

माणसं उपाशी असताना मांजरांचे लाड कसले, हा प्रश्न मला नेहमी अशा माणसाकडून ऐकायला मिळाला आहे ज्याला मी उपाशी माणसासाठी काही करताना पाहिलेलं नाही. मांजरांसाठी काम करणाऱ्या आमच्या गटातल्या बऱ्याच जणी दिवसा महापालिकेच्या शाळेत शिकवतात, रुग्णालयात पाळ्या करतात. दया एका ठिकाणी खर्चली म्हणून दुसरीकडे कमी पडत नाही.

खायला घालणाऱ्यांनाही मात्र दोन गोष्टी सुनावल्या पाहिजेत. प्लास्टिकच्या पिशवीत भात-रस्सा आणून कुणाच्या तरी गाडीवर ओतायचा आणि निघून जायचं, याला सेवा म्हणत नाहीत. त्यानं शेजारी चिडतात आणि राग मांजरावर निघतो. वर्षानुवर्षं खायला घालून एकही ऑपरेशन न करणारा माणूस पिल्लांच्या मरणात वाटेकरी आहे. तशीच ‘रेस्क्यू’ची घाई. कोपऱ्यात एकटी पिल्लं दिसली की उचलायची, फोटो टाकायचे, गायीचं दूध पाजायचं. ते त्यांना पचत नाही, जुलाब होतात, दोन दिवसांत पिल्लू जातं. आई बहुतेक वेळा खायला गेलेली असते, किंवा जागा बदलत असते. सात घरं फिरवते म्हणतात ते उगीच नाही. काही तास लांबून बघा. ताप आला म्हणून पॅरासिटामॉल तर अजिबात देऊ नका, एक गोळी मांजराचा जीव घेते.

आणि पर्शियन मांजरांचा धंदा. हौसेनं घेतलेली, मग केसांचा गुंता होऊन, डोळे चिकटून, जिन्याखाली सोडलेली पर्शियन मांजरं गेल्या काही वर्षांत जितकी दिसू लागली आहेत तितकी पूर्वी कधी दिसत नव्हती. रस्त्यावरच्या जगण्याची त्यांना काहीच तयारी नसते. कुत्र्यांच्या पैदाशीवर २०१७ पासून स्वतंत्र नियम आहेत, मांजरांसाठी तसे नियम झालेले नाहीत. खायला घालणाऱ्या म्हातारीला दंड करणारी सोसायटी तिसऱ्या मजल्यावर पिल्लं विकणाऱ्याला का विचारत नाही?

मुंबई आणि पुणे या दोन्ही महापालिकांनी मांजरांची नसबंदी हाती घेतली आहे, पण कुत्र्यांच्या मानानं खूप उशिरा आणि फार थोडी. परळच्या बाई साकरबाई दिनशॉ पेटिट रुग्णालयासारखी जुनी संस्था सगळ्या शहराला कशी पुरणार? प्रत्येक वॉर्डात मांजरांच्या ऑपरेशनची सोय, पिंजरे उसने मिळण्याची जागा आणि ऑपरेशननंतर चार दिवस ठेवायला खोली, एवढी मागणी आपण नगरसेवकांकडे केलीच पाहिजे. तोवर हा सगळा खर्च खासगी दवाखान्यात स्वतःच्या खिशातून करणाऱ्या बायका आणि मुलं महापालिकेचंच काम करत आहेत. त्यांना दंड लावणं हा निव्वळ अन्याय आहे.

तुमच्या सोसायटीची वार्षिक सर्वसाधारण सभा दरवर्षी सप्टेंबर अखेरपर्यंत होते. तिच्यात एक ठराव मांडा. खाद्यासाठी आवारात एक जागा आणि एक वेळ ठरवावी, ओला कचरा झाकणाच्या डब्यात ठेवावा, आणि सोसायटीच्या निधीतून दरवर्षी आवारातल्या ऑपरेशन न झालेल्या सगळ्या मांजरांचा खर्च करावा. ठरावाला सूचक म्हणून तुमचं नाव द्या, आणि अनुमोदक म्हणून त्या बाईंचं घ्या, ज्या संध्याकाळी ताटल्या घेऊन खाली उतरतात.